मदत हवी आहे : बाहेरचा सिंथ ड्रमच्या मागे पडतो

मंडळी, एक हार्डवेअर सिंथ (सूर निर्माण करणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज आत-बाहेर नेणाऱ्या डब्याला, जोडलाय. मिडी (कोणता सूर कधी वाजवायचा हे सांगणारे संदेश) जायला-यायला पाच पिनांच्या दोन केबल, सिंथचे डावे-उजवे आउटपुट लाइन इनपुटला. कळ दाबली की सूर दोनदा वाजायचा, ते सिंथवर लोकल कंट्रोल (कळांनी सिंथचा आवाज थेट वाजवणं) ऑफ केल्यावर थांबलं. इथवर ठीक.

खरी डोकेदुखी पुढेच. मिडी ट्रॅकवरून सिंथ वाजवून त्याचा आवाज ऑडिओ ट्रॅकवर घेतला की तो मागे पडतो. झूम करून पाहिलं तर ड्रममधली किक ग्रिडवर (तालाच्या रेषांवर) नेमकी आणि सिंथचा बेस तिच्यानंतर सुरू. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 256 सॅम्पलवरून 64 वर आणला. फरक कमी झाला, पण तडतड सुरू झाली. तसं पाहिलं तर 44.1 किलोहर्ट्झला 256 सॅम्पल म्हणजे एका दिशेला जेमतेम 6 मिलिसेकंद, आणि एक नोट मिडी केबलमधून जायला साधारण 1. मग बाकीचा उशीर सिंथचा स्वतःचा म्हणायचा का?

मिडी ट्रॅकला उणे डिले द्यावा (म्हणजे संदेश आधी पाठवावेत) की रेकॉर्डिंग ऑफसेट (रेकॉर्ड झालेला आवाज पुढे-मागे सरकवणारं सेटिंग) बदलावा? ऑफसेट बदलला तर माइकवरचे टेकही सरकतील, असं वाटतं. शिवाय सिंथचा आर्पेजिएटर (दाबलेले सूर एकामागून एक आपोआप वाजवणारी सोय) मिडी क्लॉकवर, म्हणजे संगणकाकडून येणाऱ्या लयीच्या ठोक्यांवर, चालतो, त्याला ट्रॅकचा डिले लागू होतो का? कुणी हे प्रत्यक्ष बसवलं असेल तर कृपया सांगा.