ट्वीक करा म्हणजे नेमकं काय करा?

गाडीच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. मूळ वाक्यात सीट 'ॲडजस्ट' करायची आहे, आरसा 'ट्वीक' करायचा आहे. मी लिहिलं, 'सीट उंचीप्रमाणे मागेपुढे करा, मग आरसा किंचित फिरवून घ्या.' तपासणाऱ्यांनी दोन्हीकडे 'समायोजित करा' केलं. ट्वीकमधलं 'अगदी जरासं' गेलंच की! काय लिहू?

— ट्वीक म्हणजे मुळात चिमटीत धरून पिळणं. ट्विच त्याचाच भाऊबंद. 'हॅम्लेट'मध्ये नाक पिळायला हाच शब्द आलाय. बारीक फेरफार हा अर्थ विसाव्या शतकातला. ॲडजस्टचं घराणं वेगळं: लॅटिन 'युक्स्टा', म्हणजे जवळ, त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत.

— पिळण्यावरून आठवलं. आमच्याकडे मिरजेचा तंबोरा आहे. खुंटी पिळून तार सुरात आणायची. तरी केसभर फरक उरतो, तो खुंटीने जात नाही, उलट तार पुढे निघून जाते. मग घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, खालच्या बाजूला तारेत ओवलेला मणी बोटाने हळूच सरकवायचा. खुंटी हे ॲडजस्ट, मणी हे ट्वीक.

— सुंदर, पण पुस्तिकेत मणी कुठून आणणार? 'सूक्ष्म समायोजन' लिहा. नेमका शब्द आहे, वापरला की रुळतो. सावरकरांचा 'महापौर' रुळलाच ना?

— महापौराला कोणी गाडीत बसून फिरवत नाही हो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमच्याकडे 'समायोजन' म्हणजे पट घटला, तुम्ही अतिरिक्त ठरलात, आता दुसऱ्या शाळेत जा. माझं दोनदा झालंय. आरशाला तो शब्द लावलेला मला वाचवत नाही.

— आणि लोकलमधलं 'जरा ॲडजस्ट करा'? तिघींच्या बाकावर चौथी टेकते तेव्हा 'सरकून घ्या' हे पुरेसं आहे. लग्न ठरलेल्या मुलीला 'ॲडजस्ट करून घे' सांगतात, तिथे मात्र 'सरकून घे' म्हणून बघा. एकटीनेच सरकायचं असतं, हे लगेच उघडं पडतं.

— तिथे जुना शब्द 'जुळवून घेणं'. तंबोराही जुळवतातच.

— मला उद्या मजकूर द्यायचाय. 'आरसा केसभर फिरवा' चालेल?

— 'केसभर' मोजणार कसं? तांत्रिक मजकुरात नको.

— तंबोरावाले, तुमचे मणी काचेचे की हाडाचे? माझा एक फुटलाय, तसाच हवाय.