नाताळची ब्लँकेटं की वर्षभराची न्हाणी? चर्चमध्ये जमणारा पैसा कुठे जावा

पायवाट (धागाकर्ता)
नाताळआधीच्या आगमनकाळात चर्चमध्ये गरिबांसाठी जमणारा पैसा पुष्कळदा ब्लँकेटांवर जातो. मुंबईच्या डिसेंबरात फूटपाथवरच्या माणसाला ब्लँकेटाचा उपयोग होतो तो जास्त करून डासांपासून वाचायला. ठेवायला जागा नसते, त्यामुळे जूनच्या पहिल्या सरींत त्याचा लगदा होतो. माझं म्हणणं, त्या पैशात आवारात आठवड्यातून दोन दिवस, बारा महिने आंघोळीची सोय करा. व्हॅटिकनने २०१५ मध्ये सेंट पीटर चौकाला लागून बेघरांसाठी तीन शॉवर सुरू केले, सोबत सोमवारी न्हावी. आपल्याला बादली पुरे.

माणशी २० लिटर पाणी, दोन मोऱ्या, प्रत्येकाला १२ मिनिटं. तीन तासांत ३० जण होतात, ६०० लिटर लागतं. पण पाण्यापेक्षा मोठी अडचण गाठोड्याची. बाहेर ठेवलं तर कुणी उचलेल या धास्तीने माणूस आंघोळच टाळतो. म्हणून मोरीच्या आतच, पाणी उडणार नाही इतक्या उंचावर, दणकट खुंटी हवी. दुसरी अडचण, अंगावर एकच जोड. तो धुवायचा तर तोवर नेसायला लुंगी किंवा गाऊन द्यावा लागतो आणि वाळत घालायला दोरी. बायकांचा वार वेगळा, आतून कडी, आणि दाराशी बाईच बसलेली.

मीठभाकर
पटत नाही. बायबलमध्ये मत्तयच्या २५व्या अध्यायात आधी भूक येते, मग तहान, मग परक्याला आसरा, मग वस्त्र. पोटात काही नसलेल्याला साबण काय देता? १० किलो तांदूळ, ४ किलो मूगडाळ आणि दीड लिटर तेलात शंभर माणसांची खिचडी होते. पाणी सढळ घाला, दात पडलेल्यांना आसट लागते. आणि देवाखातर कोरड्या शिध्याची पाकिटं वाटू नका. ज्याला चूल नाही त्याला कच्चा तांदूळ विकावाच लागतो, तोही पडेल भावात.

कंदील
शिध्याबद्दल सहमत. खिचडीबद्दल मात्र सांभाळून. पातेलं झाकून गाडीत चढवतात, दोन ठिकाणं करून तिसऱ्याला पोचेपर्यंत ती कोमट झालेली असते. ६० अंशांखाली भात रेंगाळला की त्यातले जिवाणू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही. उलट्या सुरू होतात मध्यरात्री, जेव्हा जवळचं शौचालय कुलूपबंद असतं. शिजल्यापासून दोन तासांत ताटात पडली पाहिजे. एका मोठ्या पातेल्याऐवजी १० लिटरचे उष्णता धरणारे डबे घ्या आणि एका वेळी एकच उघडा.

दुसरं, रविवारी एकाच नाक्यावर तीन गाड्या येतात आणि बुधवारी एकही नाही. बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये'च्या सहाव्या अध्यायात कुरकुर झाली ती हीच, रोजच्या वाटणीत काही विधवा वगळल्या जात होत्या. त्यावर सात माणसं नेमली गेली. वारांचा तक्ता करायला आपल्याला दोन पुरतील. बाकीच्या संस्था, गुरुद्वारा, मंदिरं, सगळ्यांना फोन करून आधी रिकामे वार शोधा आणि तेच घ्या.

नोंदवही
तुम्ही तिघंही हक्काचा मुद्दा सोडताय. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आहे, २०२३ पासून मोफत. बेघराचं रेशनकार्ड निघत नाही कारण पत्ता नाही. आधारसाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा दाखला चालतो. मतदार यादीसाठी पत्त्याचा कागदही लागत नाही, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा स्थानिक कर्मचारी, रात्री येऊन माणूस तिथेच झोपतो का ते पाहतो. त्या रात्री माणूस दुसऱ्या पुलाखाली गेला असेल तर अर्ज अडकतो, म्हणून त्याला तारीख आधी कळवणारं कुणीतरी हवं. कागद भिजतात, हरवतात. त्यांच्या प्रती चर्चच्या ऑफिसात एका कपाटात ठेवल्या तरी मोठं काम होईल. आणि लाख लोकवस्तीमागे १०० जणांचा कायम निवारा हा सरकारी निकष आहे. तो महापालिकेकडे मागत राहणं हीसुद्धा सेवाच.

मीठभाकर
हक्काला माझी ना नाही. पण रेशनचा तांदूळ शिजवायचा कुठे? पुन्हा चुलीपाशीच आलो.

दोघे दोघे
नोंदवही, तुमचं काम गरजेचं आहे, पण पहिल्याच भेटीत आधार कार्ड विचारलं की माणूस उठून जातो. हटवायला येणारेही तेच विचारतात. १८३३ मध्ये ओझानाम हा विद्यार्थी आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमध्ये जे सुरू केलं, तेच आज सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ही कॅथलिक सेवासंस्था करते. दोघांनी मिळून भेटायला जायचं, आणि पुन्हा पुन्हा जायचं. सभेत एक पिशवी फिरते, कुणी किती टाकलं ते कुणाला दिसत नाही. तीन-चार भेटींनंतर माणूस स्वतःच कागदाचं काढतो. फोटो नको, आणि ताट हातात देण्याआधी प्रार्थना म्हणायला लावणंही नको. भुकेल्याची 'हो' ही 'हो' नसते.

पायवाट
शिध्याचं, वारांचं, कागदांच्या कपाटाचं मान्य. खिचडी आंघोळीच्याच दिवशी, आवारातच वाढली तर गाडीचा प्रश्नच उरत नाही. वस्तूच द्यायची तर ब्लँकेटांऐवजी मे अखेरीस ताडपत्री आणि दोरी द्यावी.

न्हाणी मात्र सोडणार नाही. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, चर्चमध्ये वेदीपुढे बारा जणांचे पाय धुतो. जुलैत बेघर माणसाचे पाय पाहा. चिखल्यांनी बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक, फुगलेल्या, खाली चीर पडलेली. मधुमेह असेल तर ती चीर त्याला जाणवतही नाही आणि पाय कापण्यापर्यंत जातं. साबण-पाण्याने धुवायचं, बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, बुरशीचं मलम लावायचं. चीर खोल किंवा काळी दिसली तर मलम न लावता त्याच दिवशी दवाखान्यात. पायांचा टॉवेल वेगळ्या रंगाचा ठेवा आणि प्रत्येकाला नवा द्या, नाहीतर एकाच्या चिखल्या तिसांना होतील.