वाट आधी की गरज आधी? पुण्यात माणसं आली कशी

घाटवाट्या:
रविवारी नाणेघाटात होतो. लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, बाहेर तो दगडी रांजण, जकातीचा म्हणतात तो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच खिंडीतून जुन्नरला चढायचा. माणसं कुठे जाणार हे वाटच ठरवते, असं मला ठामपणे वाटतं. पुण्याचंच बघा. १८५८ साली पुणे-खंडाळा गाडी सुरू झाली, पण बोरघाटात रूळ नव्हते. मुंबईचा उतारू घाटाखाली उतरायचा आणि मेण्यात, डोलीत, नाहीतर तट्टावर बसून खंडाळा गाठायचा. १८६३ला घाटात गाडी चढली आणि पुणं मोकळं झालं. पेशव्यांपेक्षा रुळांनी हे शहर जास्त वाढवलं.

पर्वतीपायथा:
नाही पटत. १९७२च्या दुष्काळात माझे आईवडील बार्शीजवळच्या गावातून निघाले. त्याआधी सहा महिने खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. बैल मिळेल त्या भावाला गेले. मग कुर्डुवाडीपर्यंत पायी आणि पुढे पॅसेंजरने पुणे. त्यांना विहिरीने हाकललं, वाटेने बोलावलं नव्हतं.

घाटवाट्या:
दादा, तुमच्या आईवडिलांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण कुर्डुवाडी जंक्शन नसतं तर ते पुण्यालाच आले असते का?

पर्वतीपायथा:
जंक्शन इंग्रजांच्या काळापासून आहे. आजोबांनी जन्मभर ती गाडी पाहिली, पण गाव सोडलं नाही. विहिरीला पाणी होतं तेव्हा.

पिंपरी_कॅम्प:
तुम्ही दोघंही माणसाच्या हातात काहीतरी होतं असं धरून बोलताय. आमचे आजोबा फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईत उतरले. पुढे छावणी, मग पिंपरी. पिंपरी कुठे आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं. सरकारने जिथे बराक दिली तिथे बिऱ्हाड मांडलं.

तांडा:
रुळांचं एवढं कौतुक वाचून राहवलं नाही. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य देशभर नेत होते, फौजांना रसद पुरवत होते. रेल्वे आली आणि तो धंदाच बसला. आज आमचे कितीतरी लोक दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. नवी वाट कोणाला आणते तशी कोणाला उखडतेही, हे मूळ धाग्यात यायला हवं होतं.

घाटवाट्या:
लमाणांचा मुद्दा सुटला होता, मान्य. रुळांनी शहर वाढलं म्हणताना त्या रुळांनी कोणाचं पोट मारलं हे लिहायलाच हवं होतं. पिंपरीचं मात्र नाही पटत. छावणी हुकमाने वसली असेल, पण पुढे १९५४ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स तिथे आलं, मग मोटारींचे कारखाने आले आणि हजारो माणसं स्वतःहून आली. रूळ आणि मुंबई रस्ता शेजारी नसता तर ते झालं नसतं. पर्वतीकर, तुमच्याकडेही वाट होतीच.

पर्वतीपायथा:
होती ना. १९७३ला पाऊस चांगला झाला तेव्हाही तीच गाडी कुर्डुवाडीला जात होती. वडील चौकशीला स्टेशनवर गेले आणि परत आले. पेरायचं तर बैल कुठून आणायचे?