ब्रिटिश साहित्य आणि अमेरिकन लोकांचं रोजचं जगणं: सिनेमे सोडून उदाहरणं सुचवा

रानवारा:
एमए इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यातच. प्रोजेक्टला वरचा विषय घेतलाय. गाईड मॅडम म्हणाल्या की सिनेमे आणि रूपांतरं सगळेच लिहितात, तू हे साहित्य लोकांच्या घरात, सणावारात, रस्त्यावर कुठे दिसतं ते शोध. मला डिकन्स आणि ख्रिसमस एवढंच सुचतंय. आगरकरांनी हॅम्लेटचं विकारविलसित केलं, देवलांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला, म्हणजे आपण ते आपलं करून घेतलं हे कळतं, पण अमेरिकेत तर भाषाही तीच, मग तिथे नेमकं काय घडलं?

औंधकर:
डिकन्स सोडू नकोस, फक्त तो घराघरात पोचला कसा ते बघ. १८९१ पर्यंत अमेरिकेत परदेशी लेखकाला कॉपीराइटच नव्हता, त्यामुळे लंडनचं पुस्तक बोटीतून उतरलं की तिथले प्रकाशक लगेच छापून मोकळे, लेखकाला एक पैसा द्यायचं बंधन नाही, आणि आपल्याच देशातल्या लेखकाला मात्र मानधन द्यावं लागणार. मग स्वस्त काय पडणार, ब्रिटिश कादंबरीच ना. १८४२ ला डिकन्स तिकडे गेला आणि याबद्दल जाहीर बोलला तर पेपरवाले त्याच्यावर तुटून पडले. त्याचं ख्रिसमस कॅरल हे पुस्तक आलं त्याच्या पुढच्या वर्षी. आज तिथे चिकट माणसाला त्यातल्या कंजूस म्हाताऱ्याच्या नावाने स्क्रूज म्हटलं की पुस्तक न वाचलेल्यालाही कळतं.

मुळाकाठ:
वॉल्टर स्कॉट घे, स्कॉटिश कवी आणि कादंबरीकार!! अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष समारंभाला आले की बँड हेल टू द चीफ वाजवतो ना, ते शब्द स्कॉटच्या १८१० च्या लेडी ऑफ द लेक या काव्यातले. स्कॉटिश टोळीच्या सरदाराचा जयजयकार करत नावाडी म्हणतात ते गाणं आहे ते, पुढे काव्याचं नाटक झालं, गाण्याला चाल लागली आणि ते अमेरिकेत पोचलं. राजा नको म्हणून लढलेल्या लोकांनी सरदाराचं गाणं आपल्या राष्ट्राध्यक्षाला लावलं, मला हे फार विलक्षण वाटतं.
आणि त्याच काव्यात टोळीला लढाईला बोलवायला जळका क्रॉस गावोगाव फिरवतात. ते अमेरिकन लेखक थॉमस डिक्सनने १९०५ च्या क्लॅन्समन कादंबरीत उचललं, १९१५ ला त्यावर सिनेमा आला (हा एक सिनेमा तुला घ्यावाच लागेल) आणि त्यानंतर कू क्लक्स क्लॅनने, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेने, खरोखरच क्रॉस जाळायला सुरुवात केली. काळ्या लोकांच्या मनात ज्याची धडकी बसली ती खूण एका कवितेतून आलीय, हे प्रोजेक्टमध्ये स्पष्ट लिही.
मार्क ट्वेनने तर १८८३ मध्ये लिहिलं की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गुलाम बाळगणाऱ्या राज्यांच्या डोक्यात सरदारकीचं खूळ स्कॉटने भरलं आणि यादवी युद्धाला बऱ्याच अंशी तोच जबाबदार. मला ते पटत नाही, युद्ध गुलामगिरीवरून झालं, कादंबऱ्यांनी फार तर त्या मालकांना मिरवायला पोशाख दिला.

नाट्यवेडा:
तुझ्या 'भाषा तीच मग काय घडलं' याचं उत्तर अ‍ॅस्टर प्लेसच्या दंगलीत आहे. न्यूयॉर्क, १० मे १८४९. इंग्लिश नट मॅक्रेडी मॅकबेथ करत होता, अमेरिकन नट एडविन फॉरेस्टचे चाहते थिएटरवर दगड घेऊन आले, सैनिकांनी गोळीबार केला आणि २० हून जास्त माणसं मेली. शेक्सपिअर नको म्हणून नाही हं, तो आमच्या पद्धतीनेच व्हायला हवा, इंग्लिश साहेबाच्या नाही, म्हणून! त्यात कामगारवर्गातली पोरं बरीच होती. लिंकनने १८६३ मध्ये एका नटाला पत्र लिहिलंय, त्यात मॅकबेथच्या तोडीचं काही नाही म्हणतो, आणि शाळेत लिंकन जेमतेम वर्षभर गेला असेल.

औंधकर:
न्यू इयरला मध्यरात्री तिथे ऑल्ड लँग साइन म्हणतात, ते गाणं स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचं. तेही घाल.

रानवारा:
सगळ्यांचे खूप आभार, दंगलीचं माहीतच नव्हतं. पहिलं प्रकरण स्वस्त पुस्तकांचं घेते आणि दुसरं दंगलीचं, स्कॉटला पूर्ण वेगळं प्रकरण लागेल असं दिसतंय. नाट्यवेडा, १८४९ च्या आसपास तिथे तिकिटांचे दर काय होते, कोण कुठे बसायचं, यावर काही वाचण्यासारखं असेल तर सांगाल का?