मदत हवी आहे: फुटण्याआधी तो तारा कसा होता, हे कसं ओळखतात?

नमस्कार मंडळी, परवा आठवीच्या मुलांना मृग नक्षत्र दाखवत होतो. काक्षीकडे, म्हणजे त्यातल्या तांबड्या ठळक ताऱ्याकडे, बोट करून नेहमीचं सांगितलं, की सूर्याच्या आठपटीहून जड तारा शेवटी फुगून तांबडा महाराक्षसी होतो, गाभ्यात लोखंड साठलं की पुढे ऊर्जा मिळत नाही, मग गाभा कोसळतो आणि सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट, होतो. तर एक मुलगी म्हणाली, "सर, फुटलेला तारा तांबडाच होता हे आधी कोणी बघितलं होतं का?" इतका नेमका प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता, म्हणून तिला नीट उत्तर द्यायचंय.

वाचायला बसलो तर गोंधळ वाढला. १९८७ए हा सुपरनोव्हा (नावात वर्ष आणि त्या वर्षातला क्रम असतो) आपल्या शेजारच्या दीर्घिकेत, मोठ्या मॅगेलनी मेघात फुटला, जुन्या फोटोंच्या प्लेट्समध्ये तारा सापडलाही, पण तो चक्क निळा महाराक्षसी! मग १९ मे २०२३ ला जपानी हौशी निरीक्षक इतागाकींना एम१०१ या दीर्घिकेत जो दिसला (२०२३आयएक्सएफ), त्याच्या जागी हबल आणि स्पिट्झर (इन्फ्रारेड) या अवकाश दुर्बिणींच्या जुन्या फोटोंत तांबडा तारा आहे पण धुळीत गुरफटलेला, आणि त्याचं वस्तुमान कोणी सूर्याच्या १० पट म्हणतं कोणी २० पट. दोन कोटी प्रकाशवर्षांवरचा एक ठिपका, तो तोच तारा हे कशावरून? आणि धुळीमुळे आकडा एवढा का हलतो? सोप्या भाषेत सांगा प्लीज.

प्रतिसाद:
सर, ठिपक्याचं सोपंय, स्फोट विझेपर्यंत काही वर्षं थांबायचं आणि परत फोटो काढायचा. ठिपका गायब असेल तर तोच होता. १९९३जे आणि २००३जीडी या सुपरनोव्हांचे तारे असेच पक्के झाले. धूळ निळा प्रकाश जास्त गिळते आणि इन्फ्रारेडमध्ये परत टाकते, म्हणून नुसत्या हबलच्या फोटोवरून तारा खरा होता त्यापेक्षा मंद वाटतो, आणि तेज कमी धरलं की वस्तुमानही कमी येतं. धूळ किती धरायची यावरच सगळी मारामारी. १९८७एचा तारा निळा होता कारण बहुतेक दोन तारे आधीच एकमेकांत मिसळले होते, त्याच्याभोवतीची तीन कडी त्यातूनच आली असं मानतात.

मुलीला एक अजून सांगा. त्याच एम१०१ मध्ये २०११ ला २०११एफई फुटला, तिथे जुन्या फोटोंत काहीच नव्हतं. स्पेक्ट्रममध्ये (प्रकाशाच्या वर्णपटात) हायड्रोजनही नाही, जो तांबड्या महाराक्षसीच्या स्फोटात दिसला असता. तो श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान गाभा, होता, इतका मंद की हबललाही दिसला नसता.

धागाकर्ता:
खूप आभार! म्हणजे तिथे काही न दिसणं हाच पुरावा. सोमवारी २०२३आयएक्सएफ आणि २०११एफई या दोन्हींच्या जागांचे जुने फोटो शेजारी लावून आधी तिलाच दाखवतो.