मदत हवी आहे: मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला मालिश करताना हात धजत नाही

नमस्कार,

आमची मुलगी ३१व्या आठवड्यात झाली, वजन १४०० ग्रॅम. एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, आता घरी आलीय, वजन छान वाढतंय आणि डॉक्टरांनी मालिश सुरू करायला सांगितलंय. नर्सताईंनी करूनही दाखवलं. दूध पाजल्या पाजल्या करायचं नाही. हात चोळून गरम करायचे आणि पाठीवरून, हातापायांवरून सावकाश फिरवायचे. नुसतं वरवर कुरवाळलं तर बाळाला गुदगुल्या होतात, ते अंग आखडून घेतं. म्हणून तळवा पूर्ण टेकवून थोडा दाब द्यायचा.

तो दाबच माझ्याच्याने देववत नाही. बारीक बरगड्या तळव्याला लागल्या की मॉनिटरचा आवाज कानात सुरू होतो. तिने बोटं फाकवली, उचकी दिली की मी थांबते आणि मग कितीतरी वेळ तिचा श्वास बघत बसते. ती गाढ झोपली तरी मला झोप लागत नाही.

बाळांच्या मालिशवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांच्या १९८६च्या अभ्यासाबद्दल वाचलं. दिवसातून तीनदा १५ मिनिटं, असं १० दिवस मालिश केल्यावर मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचं वजन, मालिश न केलेल्या तशाच बाळांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढलं होतं. पण मला जास्त लागून राहिला तो २००६चा अभ्यास. त्यात काही आयांनी स्वतः मालिश केलं, काहींनी दुसऱ्याला करताना फक्त पाहिलं. मनाची उदासी दोन्हीकडे कमी झाली. चिंता मात्र स्वतः हात लावणाऱ्यांचीच उतरली. म्हणजे हे काम दुसऱ्यावर सोपवून माझं भागणार नाही, असं मला वाटतं.

एक गोष्ट लक्षात आलीय. कांगारू पद्धतीने तिला उघड्या छातीशी घेतलं की ही भीती पार जाते. तेव्हा तिच्या पाठीवर माझा हात आपोआप नीट टेकतो. मग मालिशची सुरुवात तिथूनच, फक्त पाठीपासून केली तर? कोणी असं केलंय का?

बोटं फाकवणं, उचकी, मान फिरवणं ही 'आता पुरे' म्हणायची खूण असते, हे कळलंय. पण तुम्ही अशा वेळी तिथेच थांबत होतात, की हात नुसता ठेवून थोडं थांबून पुढे करत होतात?

आणि झोपेचं, श्वास बघत बसण्याचं. घरचे म्हणतात, होईल हळूहळू. ज्या आया यातून गेल्यात त्यांनी कृपया सांगा: ते आपोआप कमी झालं, की समुपदेशकाकडे जावं लागलं? गेला असाल तर पहिल्या भेटीत नेमकं काय विचारतात?