१९८३ चं लोडबेअरिंग घर, वर दोन बेडरूम हव्यात, मिस्त्री म्हणतोय बिनधास्त चढवा

उंबरठा_सांगली:
नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय, चहा घेऊन बसा. मी आर्किटेक्ट आहे, चार वर्ष पुण्यात एका ऑफिसात काम केलं (सगळं टॉवर आणि सॅम्पल फ्लॅट), आता सांगलीत परत येऊन स्वतःचं सुरू केलंय आणि पहिलंच काम आलंय ते आईच्या ओळखीतल्या काका-काकूंच्या घराचं. १९८३ चं बांधकाम, लोडबेअरिंग (म्हणजे कॉलम नाहीत, सगळं वजन भिंतींवर), बाहेरच्या भिंती ९ इंची विटांच्या, पाया दगडी आहे असं सगळे म्हणतात, वर आरसीसी स्लॅब. प्लॉट ३ गुंठे, घर साधारण ३० बाय ३४, पुढे १५ फूट, मागे २३ फूट मोकळं आणि तिथे काकूंचा पेरू.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात चार फूट पाणी होतं, दोघांनी एक रात्र गच्चीवर काढली आणि सकाळी बोटीतून बाहेर आले. तेव्हापासून वर दोन खोल्या पाहिजेत म्हणजे पाहिजेतच, शिवाय मुलगा-सूनही परत यायचं म्हणतायत.

मिस्त्री ३५ वर्षांचा अनुभवी आहे, त्याचं म्हणणं पाया दगडी आहे, दोन मजले आरामात झेलेल, स्लॅबमध्ये सळया ठोकून वर कॉलम उभे करू. मला रात्री झोप नाही. कॉलेजमध्ये एक्स्टेंशन कुणी शिकवलंच नाही, रिकामी साईट द्यायचे आणि म्हणायचे कर डिझाइन. हॉल छान मोठा आहे, २२ बाय १४, त्याच्या बरोबर वर मास्टर बेडरूम काढलीय. सुरुवात कुठून करू? टेस्ट कुठल्या करू? आणि काकांना "नाही" म्हणायचं झालं तर कसं म्हणू, कारण ते मला लहानपणापासून ओळखतात.

कोबा_आणि_कौल:
थांबा थांबा. १९८३ चं लोडबेअरिंग घर आणि २२ फुटाचा हॉल? मधली भिंत कुणी काढली?

मी साताऱ्यात २६ वर्ष हेच करतोय, त्या काळात सांगली-साताऱ्याकडे खोल्या १० बाय १२, ११ बाय १४ अशाच असायच्या, कारण स्लॅब भिंतीवरच टेकायचा. तुमचा हॉल म्हणजे ११ बाय १४ च्या दोन खोल्या वाटतायत मला. काकांना विचारा, आणि नगरपालिकेत पास झालेला जुना नकाशा घरातल्या ट्रंकेत असतोच, लाइट बिलांच्या खाली, तो काढायला लावा. हॉलला पीओपी असेल तर मध्ये एक फळी काढून टॉर्च मारा. हे झाल्याशिवाय पुढची एक रेघ मारू नका.

आता पायाबद्दल. "दगडी आहे" म्हणजे काहीच कळलं नाही. दगड किती रुंद, किती खोल, मातीत का चुन्यात का सिमेंटमध्ये, आणि खाली मुरूम लागलाय का काळी माती? सांगलीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मार्च-एप्रिलला हात जाईल एवढी फाटते, त्यात पुराचं पाणी मुरलेलं. बाहेरच्या भिंतीला लागून एक आणि आतल्या भिंतीला लागून एक असे ३ बाय ३ चे दोन खड्डे घ्या, पायाच्या तळापर्यंत. एका वेळी एकच, फोटो काढले की लगेच बुजवायचा. दोन माणसांचं एका दिवसाचं काम. हॅमर टेस्ट (काँक्रीटचा कणखरपणा ठोकून बघायची) वगैरे त्याच्यानंतर. खड्डा न घेता लोक पंचवीस हजाराच्या टेस्ट करतात आणि जाड रिपोर्ट घेऊन बसतात.

वजनाचा अंदाज मिस्त्रीसमोर कागदावर मांडा, तो समजूतदार असेल तर ऐकेल. ९ इंची विटेची १० फूट भिंत म्हणजे एका रनिंग मीटरला जवळपास १४०० किलो, प्लास्टर वेगळं. ५ इंची स्लॅबचं स्वतःचं ३०० किलो प्रति चौरस मीटर, फरशी-बेडिंगचे १००, माणसं-सामान २००. हे सगळं तुम्ही त्या हॉलवर ठेवताय. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे) घेतले तर भिंतीचं वजन निम्म्याहून कमी होतं पण स्लॅबचं काय करणार?

आणि गच्चीवर कोबा (पाणी अडवायला घातलेला विटा-सिमेंटचा थर) किती थर आहे ते बघा. गळती लागली की आपल्याकडे जुन्या विटांच्या कोब्यावरच नवीन कोबा मारतात, ते वजन कुणी मोजत नाही.

१९८३ च्या घरात सलग लिंटेल पट्टा (दार-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींत फिरणारी काँक्रीटची पट्टी) असायची शक्यताही कमीच, खिडकीपुरता लिंटेल टाकून सोडायचे. या पट्ट्याबद्दल आपल्याकडे जोरात बोलणं सुरू झालं १९९३ ला किल्लारी झाल्यावर. कोयनेचा १९६७ चा भूकंप तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आठवत असेलच. आयएस १८९३ (भूकंपाचं भारतीय मानक) च्या २०१६ च्या नकाशात सांगली झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात आहे. अशा घरावर कॉलम "उभे करणं" म्हणजे खाली विटा, वर फ्रेम, आणि मध्ये केमिकलने चिकटवलेल्या चार सळया.

नाशिकचा_भाडेकरू_झालेला_मालक:
मी आर्किटेक्ट नाही, भोगलेला माणूस आहे. आमच्याकडे वर न चढवता बाजूला वाढवलं, दोन खोल्या, त्यामुळे सेफ वाटलं. नवीन भाग वेगळ्या फुटिंगवर (कॉलमखालच्या पायावर), जुना जुन्या पायावर, इथपर्यंत इंजिनिअरने बरोबर केलं होतं, मध्ये एक इंचाचा जॉइंटही दाखवला होता ड्रॉइंगमध्ये. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी त्या जॉइंटमध्ये माल भरला आणि वरून गुळगुळीत प्लास्टर मारून दिलं, म्हणे "फट दिसली तर तुम्हीच ओरडाल". पहिल्या पावसाळ्यात छतापासून फरशीपर्यंत तडा, इतका सरळ की रंगाऱ्याने पट्टी लावून मारल्यासारखा. नंतर तिथून पाणी. मग त्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मारली ती दोन्ही बाजूंना स्क्रूने, दुसऱ्या वर्षी स्क्रू उपटून आले.

तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका म्हाताऱ्या आर्किटेक्टने नीट केलं: फट मोकळी करून आत दबणारं फोम, तोंडाला सीलंट, आणि बाहेरून पट्टी जी फक्त एका बाजूला फिक्स, दुसऱ्या भिंतीवर नुसती टेकलेली, म्हणजे दोन्ही घरं आपापली हलू देत. सहा वर्ष झाली, कोरडं आहे. ताई, ती पट्टी कुठल्या बाजूला फिक्स करायची हे ड्रॉइंगमध्ये लिहा आणि त्या दिवशी साईटवर स्वतः उभ्या राहा. त्या तीन वर्षांत आम्ही सात महिने भाड्याने राहिलो म्हणून हे नाव.

सेंट्रिंग_बाळू:
मिस्त्रीला लई नावं ठेवू नका राव 😄 माझे वडील मिस्त्री, मी आता साईट सुपरवायझर. मिस्त्री चालतंय म्हणतो कारण मालकाला तेच ऐकायचं असतंय, नाय म्हणला तर काम दुसऱ्याला जातंय. त्याला बाजूला घिऊन विचारा, "तुमचं घर असतं तर चढवलं असतं का", मग खरं बोलंल.

केमिकलच्या सळयांचं सांगतो, मी शंभर ठिकाणी बघितलंय. भोक पाडायचं, ब्रश मारायचा, ब्लोअरनं धूळ उडवायची, परत ब्रश, परत हवा, मग केमिकल. हुतंय काय, पोरगं तोंडानं एक फूक मारतंय आणि सळई ढकलून मोकळं. धुळीला चिकटलेली सळई हातानं उपसून दाखवलीय मी एका इंजिनिअरला. आणि ४० वर्षाच्या जुन्या साडेचार इंची स्लॅबमध्ये भोक पाडणार किती खोल? खालून निघंल.

मागच्या बाजूला नवीन फुटिंग घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा, जुन्या पायाला चिकटून सलग चर खणू नका. नवीन खड्डा जुन्या पायापेक्षा खाली गेला की जुन्याखालची माती सुटती. लांब घ्या, नायतर तुकड्या-तुकड्यानं घ्या. आणि पाऊस संपल्यावर, जूनच्या तोंडाला तर अजिबात नको.

कोबा_आणि_कौल:
बाळूशी शंभर टक्के सहमत. कॉलम जुन्या भिंतीपासून ४ फूट तरी सोडून घ्या, जोडायला जिथे लागेल तिथे तेवढाच भाग कॅन्टिलिव्हर करून (खाली आधार न देता बाहेर काढून) आणा.

अजून एक, हे आर्किटेक्ट म्हणून. जुन्या घराचा प्लॅन काढा आणि एक्स्टेंशनमुळे कुठल्या खिडक्या मरतात त्यांना लाल पेनाने गोल करा. एक्स्टेंशनमध्ये नव्या खोल्या सगळेच छान काढतात, पण मागच्या बाजूला भिंत लागते आणि स्वयंपाकघरात दिवसा ट्यूब लावायला लागते, हे मी स्वतः पहिल्या दोन कामांत केलंय. त्यातल्या एका बाई अजून लग्नात भेटल्या की आठवण करून देतात.

परवानगीचं विसरू नका. २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये (राज्याच्या बांधकाम नियमावलीत) ३०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला झटपट परवानगीची सोय आहे, तुमचे ३ गुंठे म्हणजे ३०३.५ भरतात, साडेतीन चौरस मीटरने हुकलात. पण त्याआधी पूररेषेचा नकाशा बघा, निळ्या रेषेच्या (नेहमीच्या पुराची हद्द) आत आहात का निळ्या-लालच्या (लाल म्हणजे मोठ्या पुराची) मध्ये, त्यावर सगळं ठरतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आणि २०१९ ला पाणी ५७ वर गेलेलं, म्हणजे काकांची भीती काय मनाची नाही.

उंबरठा_सांगली:
नऊ दिवसांनी येतेय, सॉरी. सर, तुमचे पाय कुठे आहेत?

ट्रंकेत नकाशा मिळाला (खरंच लाइट बिलांच्या खाली होता) आणि त्यात हॉल आणि बैठकीची खोली वेगळ्या आहेत, मध्ये ९ इंची भिंत. काका आधी म्हणाले तसंच होतं पहिल्यापासून. काकू आतून ओरडल्या, "अहो, संदीपच्या साखरपुड्याला नाही का पाडली!" मग पीओपीची फळी काढली तर आत गर्डर, काकांच्या मेव्हण्याने भंगारातून स्वस्तात आणलेला, एका बाजूला ९ इंची भिंतीवर टेकलाय आणि दुसऱ्या बाजूला बाथरूमच्या साडेचार इंची भिंतीत जेमतेम तीन इंच घुसवलाय, खाली दगड नाही, बेड प्लेट (वजन पसरवणारी लोखंडी पट्टी) नाही, नुसता विटेवर. विटेचा कोपरा चिरडून लाल भुगा झालाय, बोट लावलं की पडतो. आणि मी बरोबर त्याच्यावर मास्टर बेडरूम काढली होती, खाटेसकट.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्याच दिवशी बोलावलं, त्याने आल्या आल्या जॅक लावायला सांगितले, वरचं सगळं नंतर बोलू म्हणाला. खड्डेही घेतले. दगडी पाया तीन फूट खोल, दगड मातीत बसवलेत, वरचा एक थर फक्त सिमेंटमध्ये, आणि तळाला काळी मातीच, मुरूम अजून खाली. मिस्त्रींना खड्ड्यात उतरवून दाखवलं. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले "मॅडम, मागं घेऊया". बाळूदादा, तुमचा प्रश्न विचारायची वेळच आली नाही.

आता स्कीम अशी: जुन्या घरावर काहीच नाही, उलट वरचा कोबा काढून (दोन थर निघाले!) हलकं वॉटरप्रूफिंग. मागे मार्जिन सोडून १६ फूट हातात येतात, त्यातले ४ फूट जुन्या भिंतीला लागून वरपर्यंत मोकळे आणि पुढच्या १२ फुटात वेगळ्या कॉलमवर दोन खोल्या. खाली सगळं उघडं, स्कूटर, वाळवण, पाणी आलं तर येऊ दे आणि जाऊ दे. त्या ४ फुटामुळे फुटिंगही लांब राहतं आणि स्वयंपाकघराची खिडकीही जगते, हे दोन्ही एकाच फटीत सुटल्यावर मी ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवल्या. नवीन जिना जॉइंटच्या पलीकडे, ६ इंचाच्या २० पायऱ्या, मध्ये लँडिंगवर बसायला कट्टा कारण काकूंचे गुडघे. पूररेषेत निळ्या-लालच्या मध्ये आहोत, तो कागद वेगळा चालू आहे.

"नाही" मला म्हणावंच लागलं नाही, गर्डरने म्हटलं. पेरू मात्र तिसऱ्या कॉलमच्या बरोबर जागेवर येतोय.

नाशिकचा_भाडेकरू_झालेला_मालक:
कॉलम हलवा, पेरू राहू द्या. आणि पट्टी एका बाजूला!!

सेंट्रिंग_बाळू:
पेरूची मुळं फुटिंगपासून किती लांब ते पण बगा ताई, नायतर पेरू बी जायचा आणि कॉलम बी. जॅक कुठनं आणले? भाड्याचे असतील तर रोज मोजतोय तो, आधी त्या गर्डरखाली नीट आधार घेऊन टाका.

उंबरठा_सांगली:
भाड्याचेच आहेत, चार, टीव्हीच्या बरोबर समोर. तात्पुरते आहेत असं काकूंना सांगितलंय, पण आज गेले तर एकाला त्यांनी कॅलेंडर अडकवलं होतं. कॉलम दीड फूट सरकवून इंजिनिअरला पाठवलाय, तो काय म्हणतो बघू.